दुसऱ्याच्या रानातून अठरा दिवस

इंग्लंडला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, लंडन आय बघितलं का? नाही बघितलं. बकिंगहॅम पॅलेस? तोही नाही. लंडनमध्ये आम्ही एकूण किती वेळ होतो, तर पॅडिंग्टनहून किंग्ज क्रॉसला जायला जेवढा लागतो तेवढा, वर नवरा उलट्या बाजूच्या ट्यूबमध्ये चढला म्हणून पंधरा मिनिटं जास्तीची. बाकी सगळे दिवस खेड्यात, आपल्याच माणसांकडे. आधी नवऱ्याचा आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तो हेन्लीच्या वरच्या अंगाला चिल्टर्नच्या टेकड्यांत एका गावात राहतो, आणि मग माझी चिपळूणची शाळेपासूनची मैत्रीण, ती तिकडे उत्तरेला यॉर्कशायरमध्ये सेटलजवळ डॉक्टर आहे. दोघंही गेली बारा-चौदा वर्षं या या करत होते. यंदा लेक हॉस्टेलला गेली, घर खायला उठलं, म्हटलं चला.

व्हिसाचं फार सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. दोन्हीकडून बोलावल्याची पत्रं, त्यांच्या घराचे कागद, आमची बँक स्टेटमेंट्स, नवऱ्याच्या ऑफिसचं रजेचं पत्र, बोटांचे ठसे, आणि मग तीन आठवडे पासपोर्टची वाट बघत बसायचं. खरा घोळ बॅगेचा झाला. सासूबाईंनी साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे मागवून बांधून ठेवलेले, आणि दादा फोनवर म्हणाला दुधाचं काही आणू नका, भारतातून दुधाचे आणि मटण-चिकनचे पदार्थ न्यायला चालत नाहीत. सासूबाईंना हे पटेना. पेढा म्हणजे काय दूध आहे का, म्हणे. शेवटी पेढे इथेच वाटले आणि बॅगेत गेलं काय, तर भडंग, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, आमसुलं, आणि माझ्या मैत्रिणीची खास फर्माईश म्हणजे कुळथाचं पीठ.

अजून एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं सासर खटाव तालुक्यातलं, दुष्काळी पट्टा. तिथे आमच्या वरच्या रानात जायची वाट चुलत भावकीच्या बांधावरून जाते, म्हणजे जायची, कारण चार वर्षांपूर्वी त्यांनी चर मारून आणि बाभळीचे फास टाकून ती बंद केली. मग मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, म्हणजे अडवलेली वाट तहसीलदाराकडून मोकळी करून घ्यायचा कायदा, हे सगळं आमच्या घरात जेवताना सुद्धा बोललं जातं. तहसीलला निकाल लागला, मग प्रकरण प्रांताकडे गेलं, आणि आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एक तारीख होती तिला नुसतीच पुढची तारीख मिळाली. तर नवरा असा डोक्यात वाट घेऊनच विमानात बसला.

दादाच्या घरी पोचलो ते संध्याकाळी साडेसातला, मे महिन्याचा शेवट, आणि ऊन असं की मला वाटलं माझं घड्याळ चुकलंय. गावात जाणारा रस्ता म्हणजे एकच गाडी जाईल एवढा, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कुंपणाची झाडी, मधेच पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके गाडीच्या काचेला घासतायत. समोरून गाडी आली की कुणीतरी एक जण मागे घेतो, दुसरा हात वर करतो, पहिला पण हात वर करतो. मी मोजलं, स्टेशनपासून घरापर्यंत दादाने सतरा वेळा हात वर केला. आणि एवढ्याशा रस्त्याला वेगाची मर्यादा ताशी ६० मैल! दादा म्हणाला बोर्ड आहे म्हणून कुणी मारत नाही, मारली तर वळणावर ट्रॅक्टरच्या बोनेटवर सापडेल.

पाहुणे म्हणून राहण्यातल्या काही गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. कचऱ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या असतात, कुठली कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायची त्याचं कॅलेंडर फ्रिजवर चिकटवलेलं असतं, आणि पाहुण्याने चुकीच्या बादलीत दही लागलेला डबा टाकला तर वहिनी काही बोलत नाहीत पण रात्री हळूच जाऊन तो काढतात. मी बघितलं खिडकीतून. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा, गार वेगळा, एकात हात भाजतो दुसऱ्यात गोठतो. आणि संडासात जेट नाही. तिथे कोपऱ्यात हिरवी प्लास्टिकची झारी ठेवलेली होती, मी पहिल्या दिवशी भाबडेपणाने त्या झारीने खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. वहिनींना सांगितल्यावर त्या हसून हसून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला बूट घाला, जरा पाय मोकळे करून येऊ. गेलो तर घरामागून एक लाकडी खांब, त्याच्यावर पिवळा बाण, आणि बाण सरळ एका गव्हाच्या शेतात. गहू गुडघ्याच्या वर आलेला, हिरवागार, आणि त्यातून मधोमध एक वाट, अगदी भांग पाडल्यासारखी. नवरा बांधावरच थांबला. म्हणाला, दादा, कुणाचं आहे हे? दादा म्हणाला, माहीत नाही रे, कुणाचंतरी आहे, चल. हा हलेना. त्याला खरंच पाय टाकवेना हो दुसऱ्याच्या उभ्या पिकात, लहानपणी त्यावरून मार खाल्लेला माणूस तो.

मग दादाने समजावलं. हे पब्लिक फूटपाथ. जमीन मालकाचीच, पण वरून चालायचा हक्क सगळ्यांचा, आणि तो कौन्सिलच्या नकाशावर नोंदलेला. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. शेतकऱ्याने नांगरलं तरी पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यापासून चौदा दिवसांत वाट परत करून द्यायची आणि शेताच्या मधून जाणारी असेल तर निदान एक मीटर रुंद मोकळी ठेवायची. हे ऐकून नवऱ्याने जे तोंड उघडलं ते पुढचा तासभर मिटलंच नाही. एक मीटर? उभ्या पिकातून? स्वतः करून द्यायची? आणि नाही दिली तर? नाही दिली तर कौन्सिलला कळवायचं. मग तारीख देतात का? दादा म्हणाला, तू जरा गप चाल आणि पक्षी बघ.

पक्षी म्हणजे घारी. पण आपल्या नाहीत, तांबूस, शेपटीला मोठी खाच, आणि इतक्या खाली येतात की पंखांखालचा पांढरा पट्टा दिसतो. ही रेड काइट इंग्लंडातून पार नाहीशी झालेली म्हणे, मग १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्लं आणून या चिल्टर्नमध्येच सोडली आणि आता नुसता सुळसुळाट. वहिनींनी आमच्या कौतुकाने बागेत थालीपिठं केली, लोणी आणायला आत गेल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक घार आली नि वरचं थालीपीठ उचलून शेजारच्यांच्या छपरावर गेली. कांदा घातलेलं होतं. खाल्लंन बरं का पूर्ण.

दादाने तिसऱ्या दिवशी आम्हाला स्टोक रो नावाच्या गावाला नेलं, म्हणाला तुमच्यासाठी खास आहे. साधं गाव, विटांची आणि गारगोटीची घरं, आणि रस्त्याच्या कडेला एकदम एक घुमटी, वर घुमट, खाली खांब, आणि मधे रहाटावर सोनेरी हत्ती! मला वाटलं कुणी रेस्टॉरंटची जाहिरात केलीये. ती विहीर निघाली. काशीच्या महाराजांनी, ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी, या गावाला बांधून दिलेली, १८६४ साली. झालं असं की या भागातला एक साहेब, एडवर्ड रीड, तिकडे आपल्याकडे अधिकारी होता, त्याने महाराजांना बोलता बोलता सांगितलं की माझ्या गावाकडे पाण्याचे फार हाल आहेत, सगळा खडूचा डोंगर, पाऊस पडला की पाणी सरळ खाली जातं, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलेलं मी बघितलंय. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. विहीर खोल किती, तर ३६८ फूट, रुंदी फक्त चार फूट, आणि सगळी हाताने खणलेली.

नवरा त्या कठड्याला धरून किती वेळ उभा होता सांगू? आमच्या रानातली विहीर दहा परस, म्हणजे साठेक फूट, ती सुद्धा मार्चला तळ दाखवते. ३६८ फूट म्हणजे साठ परसाच्या वर. म्हणाला, चार फुटांत एकच माणूस उतरणार गं, आणि खाली उजेड कसा, हवा कशी. पुतळे-बितळे बघून त्याला कधी काही होत नाही पण इथे गप्प झाला. मग बाजूच्या पाटीवर वाचलं की देखभालीचा खर्च निघावा म्हणून महाराजांनी चेरीची बागही लावून दिली होती, तेव्हा म्हणाला, हे खरं शहाणपण, नाहीतर आपल्याकडे योजना होते आणि मोटर जळली की संपली. इंग्रजांनी इकडून काय काय नेलं ते आपण शाळेत शिकलोच, पण इकडून तिकडे विहीर गेलेली मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

आठवडाभर झाल्यावर यॉर्कशायर. इथे एक कामाची गोष्ट. दोघं मिळून फिरणार असाल तर टू टुगेदर नावाचं रेल्वे कार्ड काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, दोघांचे फोटो असतात आणि दोघांनी एकत्रच प्रवास करायचा अशी अट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आमचं त्या उलट्या ट्यूबवरून चांगलंच वाजलं होतं, तरी लीड्सपर्यंत शेजारी शेजारी बसावं लागलं, अट आहे ना. लीड्सला गाडी बदलली आणि तासाभरात सेटल. स्टेशन म्हणजे अगदी चित्रातलं, फुलांच्या कुंड्या आणि लालसर रंगाच्या लाकडी चौकटी.

मैत्रीण प्लॅटफॉर्मवरच ओरडली, आणलंस का कुळीथ! पाच वर्षांनी भेटत होतो आम्ही. त्या रात्री कुळथाचं पिठलं, भात, आणि साडेदहा वाजले तरी बाहेर पुरतं अंधारलेलं नाही. ती म्हणाली हे जूनचं कौतुक करून घे, डिसेंबरात साडेतीनला दिवे लावते मी, आणि पहिल्या हिवाळ्यात रोज आईला फोन करून रडायचे. फोटो टाकताना हे नसतं गं कुणी टाकत.

यॉर्कशायर डेल्सचं पहिलं दर्शन झालं आणि मला एकदम माहेर आठवलं, कारण सगळीकडे गडगे! डोंगराच्या पार माथ्यापर्यंत दगडी गडगे, मातीचा चुन्याचा थेंब नाही, दगडावर दगड. आमच्याकडे आजोबा गडगी घालायला माणसं बोलवायचे, तेव्हा मी बघितलंय, दोन बाजूंनी दोन थर रचत न्यायचे, मधे बारीक चिपा भरायच्या, आणि मधूनमधून एक लांब दगड आडवा टाकून दोन्ही बाजू बांधायच्या. तस्संच. मैत्रिणीचे शेजारी, सत्तरीचे एक काका, ते असे पडलेले गडगे दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून जातात, त्यांना मी मोबाईलवर माहेरचा फोटो दाखवला तर ते चष्मा वर करून दहा मिनिटं बघत बसले, आणि बोट ठेवून म्हणाले हा इथला दगड चुकीचा बसवलाय. बरोबर होतं. तो माझ्या भावाने बसवला होता.

गडग्यातून माणसाने जायचं पण मेंढीने नाही, त्यासाठी त्यांनी काय केलंय, तर दोन उभ्या दगडांत एक चीर ठेवलीये, खाली अगदी अरुंद, वर जरा रुंद. पाय एकापुढे एक टाकत तिरकं जायचं. मैत्रीण गेली, मी गेले, नवरा अडकला. आठवडाभर दादाकडे बटाटे आणि इंग्लिश 'पाय' (pie) खाल्लेले. मागून एक आजी-आजोबा कुत्रा घेऊन आले, शांतपणे थांबले, आजी म्हणाल्या टेक युअर टाइम, लव्ह. लव्ह म्हणाल्या म्हणून नवरा अजूनच लाजला आणि अजूनच अडकला.

त्याच शेजारच्या काकूंनी आम्हाला टी ला बोलावलं, साडेपाचला. टी म्हणजे चहा, असं धरून आम्ही चारला दडपे पोहे खाऊन, वर मैत्रिणीच्या फ्रिजमधला केक संपवून गेलो. दार उघडलं तर टेबल मांडलेलं, चीज-कांद्याची पाय, उकडलेले बटाटे, मटार, गाजरं, आणि त्यानंतर रुबार्बचं क्रंबल वर कस्टर्ड. तिकडे उत्तरेत टी म्हणजे रात्रीचं जेवण, हे मैत्रिणीला पक्कं माहीत होतं आणि तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं! नवऱ्याने दोन वेळा वाढून घेतलं, यजमानांना वाईट वाटू नये म्हणून, आणि परत येताना गडग्याला टेकून उभा राहिला.

पण त्या जेवणात काकांशी त्याचं जे जमलं. विषय अर्थातच वाट. काका म्हणाले इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि लोक एखाद्या वाटेवरून वीस वर्षं बिनतक्रार, उघडपणे चालत राहिले तर ती सार्वजनिक म्हणून नोंदवून घ्यायचा दावा करता येतो. नवऱ्याने मला टेबलाखालून पाय मारला, वहिवाट! वहिवाटच म्हणतायत ते. मग काकांनी १९३२ ची गोष्ट सांगितली, डर्बीशायरमध्ये किंडर स्काउट म्हणून डोंगरपठार आहे, ते शिकारीसाठी बंद ठेवलेलं, तर मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण ठरवून त्याच्यावर चढले, पाच जणांना तुरुंगात टाकलं. मोकळ्या डोंगरावर फिरायचा कायदा आला तो २००० साली. नवरा हिशेब करत होता. अडुसष्ट वर्षं, म्हणाला, म्हणजे आमचं चारच झालंय. काकांना मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

रिबलहेडला गेलो ते ट्रेननेच, सेटलहून पंधरा-वीस मिनिटं. तिथे रेल्वेचा चोवीस कमानींचा दगडी पूल आहे, उघड्या माळावर, वाऱ्यात, १८७०च्या दशकातला, आणि बांधणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांची वस्ती तिथेच खाली होती. शेकडो माणसं, बायकापोरं, देवीची साथ, अपघात, जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात दोनशेहून जास्त जणांना पुरलंय. बोरघाटात रेल्वे घालतानाही त्याआधी दहाच वर्षं हेच चाललेलं, खंडाळ्याला गाडीत बसून वडापाव खाताना कुणाच्या मनात येतं? माझ्याही नाही आलं कधी. इथे पुलाखाली उभं राहिल्यावर आलं, कारण वारा असा की बोलता येत नव्हतं. फक्त एक पक्षी ओरडत होता, टिटवीच्याच जातीतला, पण डोक्यावर तुरा.

शेवटच्या दिवशी मैत्रीण ड्युटीवर होती म्हणून आम्ही दोघंच गेलो. तिने कागदी नकाशा दिला होता, ऑर्डनन्स सर्व्हेचा, नारिंगी कव्हरचा, कारण मोबाईलला रेंज येते-जाते. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे वाटा. आणि एक नियम नवऱ्याने एव्हाना मला इतक्या वेळा ऐकवला होता की पाठ झाला होता, फाटक जसं असेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, मेंढरं इकडची तिकडे गेली तर शेतकऱ्याचा दिवस जातो. गेले पंधरा दिवस प्रत्येक फाटकाला मी हात लावला की मागून, लागलं का नीट? खटका बसला का? ओढून बघ.

चढावर एका कुरणात वासरं होती, मोठाली, दोन वर्षांची असतील, पंधरा-सोळा. आम्हाला बघून सगळी एकदम आमच्याकडे निघाली. माझी पाचावर धारण. नवरा थांबला, वळला, दोन्ही हात पसरले आणि खास खटावच्या आवाजात, ह्हाss, फिर मागं, फिर! यॉर्कशायरची वासरं जागच्या जागी थांबली. सगळं कळलं त्यांना.

वर पोचलो तर अचानक रेंज. दुपारचे दोन, म्हणजे गावाकडे साडेसहा, आबा, म्हणजे माझे सासरे, डेअरीला दूध घालून आलेले असणार. याने व्हिडिओ कॉल लावला. आबांनी फोन नेहमीप्रमाणे कानाला लावला, मग सासूबाईंनी समोर धरला.

कुणाचं रान हाय ते?

कुणाचं का असंना आबा, वाट समद्यांची हाय. नकाशात नोंद हाय.

आन् मालक काय म्हनत न्हाई?

खालून एक चारचाकी मोटारसायकल येत होती, वर शेतकरी, मागे कुत्रा. आमच्या बाजूने जाताना त्याने हँडलवरचं एक बोट वर केलं. नवऱ्याने ते आबांना दाखवायला फोन फिरवला. हे बघा आबा, ह्यो मालक. हात करून गेला.

आबा बराच वेळ बघत राहिले. आम्हाला वाटलं कॉल अडकला. मग म्हणाले, मेंढरं झाक हायत. पर तुझ्या मागं ते फाटक उघडंच दिसतंय की रं.

वळून बघतो तर खरंच. फोन माझ्या हातात कोंबून नवरा उतारावरून पळत सुटला, आणि दोन मेंढ्या एव्हाना फाटकाच्या पलीकडे पोचलेल्या होत्या.